चिमूरहून निघालेल्या बाया : चंद्रपूरच्या दारूबंदी मोहिमेतून काय उरलं?

नागभीडमध्ये आज आपण ज्या विषयावर बोलणार आहोत, तो इतिहास म्हणावा इतका जुना नाही. त्यात चाललेल्या बाया या सभागृहातही असतील. त्यामुळे आम्ही कुठे चुकलो तर मध्येच थांबवा.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणू. नागभीडहून पूर्वेला निघालं की ब्रह्मपुरी आणि पुढे वैनगंगा. नदीपलीकडे गडचिरोली जिल्हा. पश्चिमेला चिमूर. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी लागू झाली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासह अनेक कार्यकर्ते आणि गावोगावच्या लोकांनी त्यासाठी काही वर्षं मोहीम चालवली होती. म्हणजे पुढची बावीस वर्षं नदीच्या त्या काठावर बंदी आणि या काठावर परवान्याचं दुकान, अशी स्थिती होती. त्या काठावरच्या बायांनी जे मिळवलं ते आपल्याला का मिळू नये, हा प्रश्न इकडे कुणी बाहेरून आणून द्यावा लागला नाही.

हा प्रश्न घेऊन श्रमिक एल्गार ही संघटना आणि तिच्या संस्थापक पारोमिता गोस्वामी उभ्या राहिल्या. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी मोर्चा निघाला. हिवाळी अधिवेशन चालू होतं. आता डिसेंबर म्हणजे आपल्या झाडीपट्टीत काय, हे तुम्हाला सांगायला नको. धान घरात यायचा असतो, चुरणी चालू असते, मजुरीचे दिवस असतात. अशा वेळी घर, पोरं आणि रोजी सोडून हजारो बाया रस्त्याने चालत गेल्या. आम्हाला वाटतं, या मोर्च्याचं वजन अंतरापेक्षा या बुडालेल्या रोजीत मोजावं.

मोर्चा चिमूरहूनच का, यालाही अर्थ आहे. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. 'चले जाव'च्या हाकेवर चिमूर उठलं. गोळीबारात बालाजी रायपूरकर हुतात्मा झाले, लोकांनी अधिकाऱ्यांना मारलं, आणि मग लष्कर गावात आलं. त्यानंतर चिमूरच्या स्त्रियांवर जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळींनी त्रेसष्ट दिवस उपोषण केलं. चिमूर म्हटलं की आपण हुतात्म्यांची नावं घेतो, आणि ती घ्यायलाच हवीत. पण त्या गावच्या बायांचं दुःख जगापुढे मांडायला तेव्हा दुसऱ्या कुणाला उपाशी राहावं लागलं होतं. अडुसष्ट वर्षांनी त्याच गावातून बाया निघाल्या, त्या स्वतःचं म्हणणं स्वतः सांगायला. आमच्या दृष्टीने इतिहास इथे पुढे सरकलेला दिसतो.

बरं, मोर्चा गेला आणि दारू बंद झाली, असं काही झालं नाही. सरकारने पालकमंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वर्षं जात राहिली. या काळात खरं काम झालं ते ग्रामपंचायतींत. जिल्ह्यातल्या साडेपाचशेहून जास्त ग्रामपंचायतींनी दारूबंदीच्या बाजूने ठराव केले. एक गोष्ट लक्षात घ्या. पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांबाबत अधिकार देतो, पण चंद्रपूर जिल्ह्यातलं अनुसूचित क्षेत्र राजुरा भागात आहे. बाकी गावांच्या ठरावाने दुकानाला कुलूप लागणार नव्हतं. तरीही ठराव झाले. ग्रामसभेत जिने कधी तोंड उघडलं नव्हतं तिने हात वर केला, रजिस्टरवर सही केली किंवा अंगठा दिला.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत हा प्रश्न टाळणं उमेदवारांना अवघड झालं. २० जानेवारी २०१५ ला मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. आमच्यासारख्या बाजूला उभं राहून पाठिंबा देणाऱ्यांना त्या दिवशी वाटलं, चला, जिंकलो.

तिथेच आपली चूक झाली. निर्णय झाला आणि आपण सैल पडलो. अंमलबजावणी पोलिसांवर आणि उत्पादन शुल्क खात्यावर सोपवली. चोरटी दारू येत राहिली, हे मान्य करायला हवं. ते नाकारून बंदीची बाजू बळकट होत नाही. २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने बंदी उठवली. अवैध विक्री वाढली, महसूल बुडाला, अशी कारणं दिली गेली. सहा वर्षं आणि काही आठवडे, एवढंच त्या बंदीचं आयुष्य.

मग सगळं पाण्यात गेलं का? तेव्हा आम्हालाही तसंच वाटलं होतं. नंतर हळूहळू दिसायला लागलं की आम्ही आशा मंत्रिमंडळाच्या कागदावर ठेवली होती, आणि तो कागद फिरवता येतो. बायांनी मात्र ती दुसरीकडे कमावली होती. मोर्च्यात चाललेली बाई घरी परतली तेव्हा तिला तहसील कचेरी ठाऊक झाली होती, निवेदन कसं लिहायचं ते ठाऊक झालं होतं, शेजारच्या तालुक्यातल्या दहाजणी ओळखीच्या झाल्या होत्या. सरकारचा कोणताही निर्णय हे परत घेऊ शकत नाही.

आणि रस्ता संपलेला नाही. राज्याच्या नियमानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली तर दुकानासाठी गुप्त मतदान घेता येतं. उभी बाटली की आडवी बाटली, एवढाच प्रश्न. पण त्यात एक मेख आहे. झालेल्या मतांपैकी निम्मी मतं पुरत नाहीत, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. म्हणजे जी घरी बसली, तिचं मत न देताही उभ्या बाटलीच्या पारड्यात गेलं. म्हणून अशी लढाई मतदानाच्या दिवशी जिंकता येत नाही. ती आधीच्या महिन्यांत दारोदार जाऊन, एकेकीला बोलतं करून जिंकावी लागते.

आपल्यापैकी पुष्कळांना चालवत नाही, घोषणा देता येत नाहीत. हरकत नाही. मतदार यादी घेऊन शेजारच्या आळीत जाता येतं, अर्ज वाचून दाखवता येतो, मतदानाच्या दिवशी एखादीचं लेकरू सांभाळता येतं. २०१५ ला आपण टाळ्या वाजवून थांबलो होतो. पुढच्या वेळी तेवढं काम तरी अंगावर घेऊ.

आता तुम्ही बोला. जी त्या मोर्च्यात चालली असेल, तिने आधी.