हौशी खेळाडू आणि वजनाचा काटा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही मोंढ्यातल्या हमाल-मापाड्यांच्या चळवळीचा इतिहास सांगावा. आम्ही विषय घेतला तो नागपूरच्या एका मुष्टियोद्धा मुलीचा. आमच्या संघटनेतल्या काहींनी यावर कपाळाला आठ्या घातल्या. हमालांच्या पुढाऱ्याला ठोसाठोशीशी काय देणेघेणे, असा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

आमचा धंदा वजनाचा. मोंढ्यात पूर्वी क्विंटलभराचे पोते एका पाठीवर येत असे. ते पन्नास किलोवर आणण्यासाठी किती वर्षे भांडावे लागले, हे इथे बसलेल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. माथाडी-हमालांचा कायदा १९६९ साली झाला, पण कायदा कागदावरून काट्यावर यायला पुढची किती वर्षे गेली! पोते किती किलोचे हे ठरवणारा एक, आणि ते पाठीवर घेणारा दुसरा. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि या काट्यापाशी फार झाले. मुष्टियुद्धाचा इतिहास सवडीने वाचू लागलो, तेव्हा तिथेही हाच काटा दिसला. तो दाखवावा, एवढाच आजचा हेतू.

प्रथम ‘हौशी’ हा शब्द पाहू. हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो. पण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात या हौसेला चांगलेच मोल होते. १८६७ साली मार्क्विस ऑफ क्वीन्सबरी यांच्या नावाने मुष्टियुद्धाचे नवे नियम निघाले. हातात मोजे, तीन मिनिटांची फेरी, मध्ये एक मिनिट विसावा, हे सारे तेव्हापासूनचे. १८८० साली तिथे हौशी मुष्टियुद्धाची संघटना उभी राहिली. त्याच सुमारास, १८७९ साली, हेन्ली येथील नौकाशर्यतीच्या चालकांनी हौशी कोणाला म्हणावे याची व्याख्या केली. मजुरी घेऊन काम करणारा कारागीर किंवा मजूर हा हौशी होऊ शकत नाही, असे त्या व्याख्येत स्पष्ट म्हटले होते. म्हणजे जो घाम गाळून पोट भरतो, त्याला हौस करण्याचा अधिकार नाही! मुष्टियुद्धात मजुराला दार इतके घट्ट लावलेले नव्हते. कारण उघड आहे. ठोसे खायला माणसे लागतात आणि ती मजूरवस्तीतच मिळतात.

मजुराला निदान व्याख्येत नाव घेऊन वगळले होते. बाईचा विचारच झाला नव्हता. वास्तविक बायका लढत नव्हत्या असे नाही. १७२२ साली लंडनमध्ये एलिझाबेथ विल्किन्सन या बाईने वर्तमानपत्रातून दुसऱ्या बाईला मुष्टियुद्धाचे जाहीर आव्हान दिल्याची नोंद आहे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये बायकांचे मुष्टियुद्ध केवळ प्रदर्शन म्हणून दाखवले गेले. तमाशा म्हणून चालेल, स्पर्धा म्हणून चालणार नाही, असा तो न्याय. स्वीडनने बंदी उठवली ती १९८८ साली, जागतिक संघटनेने स्त्रियांच्या मुष्टियुद्धाला मान्यता दिली १९९४ साली, आणि ज्या इंग्लंडात नियम जन्मले तिथल्या हौशी संघटनेने बंदी काढली ती १९९६ साली. प्रदर्शनापासून या मान्यतेपर्यंत यायला नव्वद वर्षे लागली.

आपल्याकडे काय चालले होते? मुष्टियुद्ध नाही, पण कुस्तीचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या मातीत घडलेले आहे. अलीगढची हमीदा बानू ही स्त्री पैलवान १९५० च्या आगेमागे गावोगाव आव्हाने देत फिरे. १९५४ साली बडोद्याला तिने बाबा पैलवान याला दोन मिनिटांच्या आत चीत केले. पण कोल्हापुरात पुरुष पैलवानाला हरवल्यावर तिच्या वाट्याला हुर्यो आणि दगड आले, पुण्यात ठरलेली कुस्ती रद्द झाली, आणि तिला तेव्हाचे मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागावी लागली. जत्रेत नारळाची कुस्ती करणाऱ्या पोराला जो मान मिळतो, तो या बाईला जिंकूनही मिळाला नाही.

भारताचे पुरुष मुष्टियोद्धे १९४८ सालीच लंडनच्या ऑलिंपिकला गेले. स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मात्र चेन्नईला झाली ती २००१ साली. त्रेपन्न वर्षांचे अंतर! त्याच वर्षी अमेरिकेत स्क्रँटन या गावी स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा भरली. तिथून मणिपूरच्या मेरी कोमचे नाव पुढे आले. एका शेतमजूर घरातली ही मुलगी एकूण सहा वेळा जगज्जेती झाली. २००६ साली दिल्लीच्या जागतिक स्पर्धेत तर तिच्यासह भारताच्या चार मुलींनी सुवर्णपदके घेतली.

आता काट्याकडे या. मेरी कोमची सारी जागतिक सुवर्णपदके ४५ ते ४८ किलोच्या गटातली. २०१२ साली लंडनला स्त्रियांचे मुष्टियुद्ध पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आले, तेव्हा पुरुषांना दहा वजनगट आणि स्त्रियांना तीन: ५१, ६० आणि ७५ किलो. मेरीचा गट यादीतच नव्हता. तिला वजन वाढवून आपल्याहून थोराड मुलींशी लढावे लागले, आणि तशाही स्थितीत तिने कांस्यपदक आणले. हलक्या मुलीला निदान वर चढता तरी आले. जी मुलगी यादीच्या वरच्या टोकाच्याही वर आहे, तिने काय करावे?

ही मुलगी म्हणजे नागपूरची अल्फिया पठाण. वडील नागपूर पोलिसात नोकरीला. प्रशिक्षक गणेश पुरोहित यांच्या हाताखाली ती तयार झाली. विदर्भ-मराठवाड्याला या खेळाची मोठी परंपरा नाही. आपल्याकडे हलगी वाजते ती कुस्तीसाठी. अशा मुलखातून ती निघाली आणि २०१९ साली आशियाई कनिष्ठ गटाची विजेती झाली. पुढे महामारी आली, तालमी बंद पडल्या. त्या संकटातच, एप्रिल २०२१ मध्ये, पोलंडमधील किएल्त्से येथे तरुणांची जागतिक स्पर्धा झाली. सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींची ही स्पर्धा. ८१ किलोवरील गटाच्या अंतिम लढतीत अल्फियाने मोल्दोवाच्या दारिया कोझोरेझ हिला ५-० असे हरवले. या आकड्यांचा अर्थ नवख्या श्रोत्यांसाठी सांगतो. रिंगणाभोवती पाच पंच बसतात, प्रत्येक जण प्रत्येक फेरीचे गुण स्वतंत्रपणे मांडतो, आणि ५-० म्हणजे पाचही पंचांचा कौल एकाच बाजूला. त्या स्पर्धेत भारताच्या सात मुलींनी सुवर्णपदके घेतली, त्यांत एक आपल्या महाराष्ट्राची.

तरुण गटातली कामगिरी मोठ्यांत टिकतेच असे नाही. अल्फियाची टिकली. २०२२ च्या जुलैमध्ये कझाकस्तानातल्या एलोर्दा चषकाच्या अंतिम फेरीत तिच्यासमोर त्याच देशाची लज्जत कुंगेइबायेवा उभी राहिली, २०१६ ची जगज्जेती. घरचे मैदान तिचे, अनुभव तिचा. निकाल ५-०, अल्फियाच्या बाजूने. त्याच वर्षी नोव्हेंबरात जॉर्डनची राजधानी अम्मान येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिला सुवर्णपदक मिळाले. तिथल्या अंतिम लढतीत यजमान देशाची प्रतिस्पर्धी अपात्र ठरली होती, हेही नमूद केले पाहिजे. इतिहास सांगायचा तर सोयीचे तेवढेच सांगू नये.

आशियाची विजेती, एका जगज्जेतीला हरवलेली! साहजिकच कोणीही विचारील, मग ऑलिंपिकला का नाही? उत्तर एका ओळीचे आहे. तिच्या वजनाचा गट ऑलिंपिकमध्ये नाही. स्त्रियांची यादी ७५ किलोला संपते. २०२० च्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि २०२१ साली झालेल्या टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे आठ व स्त्रियांचे पाच गट झाले, २०२४ साली पॅरिसला सात व सहा, आणि २०२८ साठी सात व सात ठरले आहेत. आकडा बरोबरीचा झाला, याबद्दल आनंद आहे. पण पुरुषांच्या यादीत सर्वात वरचा गट मोकळा आहे, माणूस कितीही वजनाचा असो, त्याला जागा आहे. स्त्रियांच्या यादीवर मात्र छत घातलेले आहे. धिप्पाड पुरुषाला मल्ल म्हणायचे, आणि धिप्पाड बाईला जागाच ठेवायची नाही.

आमचे म्हणणे वजनगटांच्या विरुद्ध आहे, असा गैरसमज करून घेऊ नका. वजनगट ही न्यायाची गोष्ट आहे. पोत्याला मर्यादा घालावी म्हणून आम्ही जे भांडलो, तेच तत्त्व रिंगणात आहे: झेपेल तेवढे आणि तुल्यबळाशी. तक्रार आहे ती यादी कुठे कापली याबद्दल. ही कात्री कोणाच्या कर्तबगारीवर चालत नाही, ती टेबलावर चालते. कारखान्यातली वेतनश्रेणी ठरते तशीच. काम करणारा माणूस आत यायच्या आधीच त्याच्या हुद्द्याची ओळ यादीतून काढून टाकलेली असते.

या कात्रीचा परिणाम पदकापुरता राहत नाही. आज ‘हौशी’ म्हणवणारे हे खेळाडू जगतात कशावर? पोलीस, रेल्वे, सैन्य यांतल्या नोकऱ्यांवर आणि सरकारी शिष्यवृत्तीवर. दूध, अंडी, मोजे, प्रवास, दुखापतीचे औषध यांचा खर्च कोणाच्या तरी खिशातून जातो. जिथे ऑलिंपिकचे पदक शक्य, तिथे पैसा आधी वळतो, हा सरळ हिशेब आहे. पुण्याची देविका घोरपडे २०२२ साली स्पेनमध्ये ५२ किलो गटात तरुणांची जगज्जेती झाली, तिनेही अंतिम लढत ५-० अशीच जिंकली. तिच्या वजनाच्या मुलीला ऑलिंपिकचा गट दोन-तीन किलोंच्या अंतरावर आहे. अल्फियाला तो गाठायचा तर शरीरच दुसरे आणावे लागेल. दोघींचे कष्ट सारखे, पण कष्टांचा भाव वेगळा. एकाच मोंढ्यात एकाच दिवशी एकाच प्रतीच्या हळदीला दोन भाव निघाले, तर आपण लिलाव बंद पाडतो.

तरीही ही मुलगी लढत राहिली, यात आम्हाला तिचे मोठेपण दिसते. वरची पायरी नाही हे माहीत असताना जिना चढणे सोपे नाही. आणि तिच्यासारख्यांनी जागतिक नि आशियाई स्पर्धांत तो गट जिवंत ठेवला, म्हणूनच २०२५ साली लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत ८० किलोवरील गटात हरियाणाच्या नूपुर श्योराणला रौप्यपदक मिळवता आले. पुढे कधी हे छत उठले, तर ते या मुलींच्या खांद्यांनी उचललेले असेल.

शेवटी आपल्या गावाकडे येतो. आमच्या एका हमाल सहकाऱ्याची मुलगी काही वर्षांपूर्वी शेजारच्या जिल्ह्यात शालेय मुष्टियुद्ध स्पर्धेला गेली. सोबत बाप आणि आम्ही. एसटीने गेलो, पोरीचे वजन झाले, आणि संयोजकांनी सांगितले की तिच्या वजनगटात दुसरी मुलगीच नाही. एकही ठोसा न मारता तिच्या हातात प्रमाणपत्र दिले, त्यावर लिहिले होते ‘प्रथम’. बाप खूश झाला. परतीच्या गाडीत पोर खिडकीकडे तोंड करून रडली. बाप म्हणाला, “अगं, पहिली आलीस ना?” ती म्हणाली, “कोणात पहिली, बाबा?”

या प्रश्नाला आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. आज थोडेसे आहे. ऑलिंपिकची यादी हिंगोलीत बसून बदलता येणार नाही. ती बदलायला जगभरच्या खेळाडूंना एकत्र यावे लागेल, आणि एकजुटीखेरीज यादी बदलत नाही हे आम्ही आयुष्यभर पाहिले आहे. परंतु आपल्या तालुक्याच्या, आपल्या जिल्ह्याच्या वजनगटात दोन मुली उभ्या करणे हे आपल्याच हातात आहे. त्याला एक छप्पर, चार मोज्यांचे जोड, एक शिकवणारा, आणि मुलीला संध्याकाळी घराबाहेर पाठवणारे आईबाप लागतात. नागपूरच्या पोलिसाच्या घरापासून मणिपूरच्या शेतापर्यंत जिथे जिथे मुली पुढे आल्या, तिथे एवढेच भांडवल होते.

त्या पोरीने ते प्रमाणपत्र भिंतीवर लावले नाही. तिला लढत हवी होती.