आपला लीन आणि इंग्रजांचा लीन

मास्तरकीची कित्येक वर्षं मी मुलांना एक चुकीची गोष्ट अगदी ठामपणे सांगत आलो. इंग्रजीच्या तासाला कलणे, टेकणे या अर्थाचा 'लीन' आला की म्हणायचो, "अरे, हा तर आपलाच! देवापुढे लीन होतो म्हणजे वाकतोच ना?" मुलं खूश, मीही खूश. निवृत्तीनंतर कोश चाळायला सवड मिळाली आणि पितळ उघडं पडलं.

आपला 'लीन' संस्कृत 'ली' धातूचा. चिकटणे, विरून जाणे हा त्याचा अर्थ. विलीन, तल्लीन ही त्याची भावंडं. इंग्रजी 'लीन' मात्र जुन्या इंग्रजीत 'ह्लिनिअन' असा होता. पुढे सुरुवातीचा 'ह' गळला. पण सगळी मेख त्या 'ह'मध्येच! लॅटिन-ग्रीकमधला 'क' जर्मन कुळात 'ह' होतो आणि संस्कृतात 'श'. शंभराला लॅटिन 'केन्टुम', इंग्रजी 'हंड्रेड', आपलं 'शत'. जर्मन कुळातले हे बदल १८२२ साली नियमात मांडले ते याकोब ग्रिमने. परीकथा जमवणाऱ्या ग्रिम बंधूंमधला हा थोरला.

तर ग्रीकमध्ये 'क्लिनो' म्हणजे कलणे, टेकणे. त्यावरून पलंगाला 'क्लिने', आणि पलंगावरच्या रोग्याला पाहायला जाणारा वैद्य तो 'क्लिनिकोस'. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या पाटीवरचं 'क्लिनिक' तिथलं. 'क्लिमा' म्हणजे उतार. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे पृथ्वी कलत जाते असं धरून ग्रीकांनी तिचे पट्टे पाडले. पट्टा बदलला की हवा बदलते, म्हणून 'क्लायमेट'. 'इन्क्लाइन', 'डिक्लाइन' लॅटिनमधून आले. भिंतीला टेकवायची 'लॅडर'सुद्धा याच घरातली.

आणि संस्कृतात? तिथे हा धातू 'श्रि'. 'क'चा 'श', 'ल'चा 'र'. अर्थ टेकणे, आधार घेणे. त्यावरून झाला 'आश्रय'. म्हणजे हुबेहूब दिसणारा तो परका, आणि ज्याचं एक अक्षर जुळत नाही तो सख्खा! मी मात्र चेहरा पाहून नातं जुळवत बसलो होतो.

माझा एक विद्यार्थी पुढे शिक्षक झाला. मागे भेटला तेव्हा कौतुकानं म्हणाला, "सर, तुमचा लीन मी अजून वर्गात सांगतो." तेव्हा मान डोलावली, जीभ उचलली नाही. परवा शेवटी फोन करून सगळं सांगितलं. जरा वेळ तो गप्पच होता.

मग म्हणाला, "सर, पण जुन्या मुलांचं काय करायचं?"