बंद दार आणि इंटरनेट : मुंबई उपनगरांतील एकाकीपणाचा पूर्वेतिहास

मुंबईच्या उपनगरांतील तरुणांच्या इंटरनेट व्यसनाची चर्चा बहुधा मोबाइलपासून सुरू होते. परंतु या प्रश्नाची मुळे घराच्या बदललेल्या रचनेतही शोधावी लागतात. बृहन्मुंबईची हद्द १९५० साली अंधेरी-घाटकोपरच्या बाजूने आणि १९५७ साली दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली, आणि पुढील दशकांत गिरगाव-परळच्या चाळींतील अनेक मराठी कुटुंबे, घरातच न्हाणीघर व शौचालय असलेल्या ‘सेल्फ कंटेन्ड’ जागेच्या ओढीने, इकडे आली. ही ओढ सर्वथा रास्त होती. शौचालयाची रांग, नळावरची भांडणे आणि नवविवाहितांना न मिळणारा आडोसा यांचा जाच ज्यांनी सोसला, त्यांना बंद करता येणारे दार हे सुखच होते. मात्र चाळीच्या सामाईक गॅलरीत एखादा मुलगा गप्प राहू लागला की ते कोणाच्या तरी ध्यानात येई. ती नजर नव्या घरात उरली नाही, आणि लोकलच्या प्रवासात दिवसाचे तास घालवणाऱ्या आईवडिलांना तिची उणीव भरून काढणे कठीण होते.

याच बंद दारांच्या घरांत पुढे इंटरनेट आले. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा ती दूरध्वनीच्या तारेतून येत असल्याने फोन अडून राही आणि बिलावर घरातल्यांचे लक्ष असे. पुढे आलेल्या सायबर कॅफेत तासावर पैसे मोजावे लागत आणि दुकान बंद झाले की घरी परतावे लागे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाल्यावर ही बंधने सुटली. मार्च २०२०च्या टाळेबंदीने तर अभ्यास, नोकरी आणि करमणूक एकाच पडद्यावर आणली.

झोप, अभ्यास व नाती बिघडत असतानाही वापर आवरता न येणे, या अवस्थेला इंटरनेट व्यसन म्हणतात. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात इंटरनेट व्यसन नव्हे, तर ‘गेमिंग विकार’ स्वतंत्रपणे नोंदला आहे. एकटा पडलेला तरुण पडद्याकडे वळतो आणि पडद्यापुढे अधिकच एकटा पडतो, त्यामुळे मोबाइल हिसकावून घेणे हा अपुरा, पुष्कळदा निष्ठुर उपाय ठरतो. त्याऐवजी एकत्र येण्याच्या जागा हव्यात. घाटकोपरच्या पंतनगरासारख्या म्हाडा वसाहतींचा पुनर्विकास होत असताना, तेथील गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांनी वाहनतळाइतक्याच आग्रहाने अभ्यासिकेची आणि तरुणांना एकत्र बसता येईल अशा जागेची मागणी केली पाहिजे.