नाताळचा बाजार आणि त्यामागची घरे

नाताळचा सण २५ डिसेंबरचा. पण जर्मनीतल्या मुलांच्या लेखी तो चार आठवडे आधीच सुरू होतो. या चार आठवड्यांना तिकडे 'आडव्हेंट' म्हणतात. आडव्हेंट म्हणजे आगमन. अर्थात बाळ येशूचे. या दिवसांत कागद, पेंढा, मेण, सुकामेवा असे काहीबाही घेऊन मुलं घरात वस्तू करत बसतात, आणि एखाद्या संध्याकाळी आईबाप त्यांना लोकरी कपड्यांत गुंडाळून गावच्या चौकातल्या नाताळच्या बाजाराला घेऊन जातात. हाताने केलेली वस्तू आणि बाजारातली ही फेरी, या दोन गोष्टींवाचून तिथला नाताळ पुरा होत नाही. या दोन्हींचा थोडा इतिहास आज पाहू. तो मोठा गोड आहे, परंतु नुसताच गोड नाही.

प्रथम बाजाराकडे वळू. सॅक्सनीतल्या ड्रेस्डेन शहराचा बाजार १४३४ सालापासूनचा. त्या वर्षी तिथल्या राज्यकर्त्याने नाताळच्या तोंडावर एक दिवसाचा खुला बाजार भरवण्याची शहराला परवानगी दिली. हेतू अगदी साधा होता : उपवासाचे दिवस संपता संपता लोकांना सणासाठी मांस घेता यावे. पुढे तिथे नाताळचा गोड पाव विकायला येऊ लागला. त्या पावाला 'श्ट्रीट्सेल' म्हणत, म्हणून बाजाराचे नाव पडले श्ट्रीट्सेलमार्क्ट. म्हणजे सुरुवातीला हा बाजार मोठ्यांचा, घरच्या कोठीसाठी भरलेला. मुलं त्यात आली ती नंतर.

ती कशी आली याला थोडे कारण धर्माचे आहे. पूर्वी मुलांना भेटी मिळत त्या ६ डिसेंबरला, संत निकोलसच्या दिवशी. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने धर्मसुधारणेची चळवळ सुरू केली. संतांची पूजा या नव्या पंथाला मान्य नव्हती. त्यामुळे भेटी देण्याचा मान हळूहळू संत निकोलसकडून बाळ येशूकडे गेला, आणि भेटींचा दिवसही नाताळकडे सरकला. मग नाताळच्या बाजारात खेळणी, बाहुल्या, रंगीत डब्या दिसू लागल्या यात नवल ते काय!

न्यूर्नबर्ग शहराच्या बाजाराला तर नावच मिळाले 'बाळ येशूचा बाजार'. त्याचा सर्वांत जुना पुरावा कागदोपत्री नाही, तो एका लाकडी डबीवर आहे. सुमारे १९ सेंटिमीटर लांबीची ही लंबगोल डबी, वर फुलं रंगवलेली. एका तरुणीला ती १६२८ साली या बाजारातून भेट म्हणून आली, असा मजकूर तिच्यावर आहे. न्यूर्नबर्गच्या राष्ट्रीय संग्रहालयात ती जपून ठेवलेली आहे. शंभर-सव्वाशे वर्षांनी, म्हणजे १७३७ साली, या बाजारात माल मांडण्याचा हक्क असलेल्यांची जी यादी झाली तिच्यात १४० नावं होती. शहरातल्या जवळजवळ सर्व धंद्यांचे कारागीर त्यात आले. बाजार आता घरच्या सर्वांचा झाला होता. मधाच्या मसालेदार केकचा वास, मेणबत्त्यांचा उजेड, आणि बापाच्या खांद्यावर बसून खेळण्यांकडे बोट दाखवणारं पोर, हे दृश्य तेव्हापासून रूढ झाले.

आता प्रश्न असा, की ही खेळणी येत कुठून? सुरुवातीला शहरचे कारागीर ती करत. पण मागणी वाढली तशी ती डोंगराळ, गरीब मुलखातून येऊ लागली. अशा तीन गावांची नावं लक्षात ठेवण्याजोगी आहेत : झायफेन, झोनेबेर्ग आणि लाउशा.

झायफेन हे गाव सॅक्सनी आणि बोहेमिया यांच्या सीमेवरच्या एर्ट्सगेबिर्ग पर्वतात आहे. एर्ट्सगेबिर्ग म्हणजे खनिजांचा डोंगर. तिथे कथिलाच्या खाणी होत्या. खाणी आटत चालल्या तशी माणसं पोटासाठी लाकडाकडे वळली. जंगल होते, ओढ्यांचे पाणी होते. खनिज कुटणारी पाणचक्की लेथ फिरवू लागली, आणि खाणकामगार कातारी झाला. १८४९ मध्ये तिथली खाण कायमची बंद झाली, तेव्हा गावाला दुसरा आधार उरलाच नव्हता. आपल्याकडे सावंतवाडीला लाकडाचे कातकाम ज्यांनी पाहिले असेल त्यांना लेथवरची ही कला नवी नाही. परंतु झायफेनच्या कातारींनी १८०० च्या सुमारास जी युक्ती काढली ती मात्र खास त्यांचीच.

स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या ओल्या ओंडक्याची जाड चकती कापायची आणि ती लेथवर चढवायची. मग हत्यार धरून तिच्यात आधी एका बाजूने, नंतर दुसऱ्या बाजूने खाचा घ्यायच्या. शेवटी हातात येते ते एक कडे, नुसते चढउतार असलेले. पाहणाऱ्याला त्यात काहीच दिसत नाही. पण ते कडे केक कापावा तसे उभे फोडले, की प्रत्येक फोड म्हणजे एक घोडा, नाहीतर गाय, नाहीतर हत्ती! एका कड्यातून पन्नास-साठ जनावरं निघत. लेथ चालू असताना जनावर कातारीलाही दिसत नसते. ते त्याच्या हातात आणि डोक्यात असते. बायबलातल्या नोहाच्या नौकेत चढणारी जनावरांची जोडपी मुलांना फार आवडत, आणि ती अशी कड्याकड्याने तयार होत.

पण फोड म्हणजे काही खेळणे नव्हे. तिच्या कडा तासायच्या, कान चिकटवायचे, शेपूट लावायचे, रंग द्यायचा. हे काम कोण करी? कातारीच्या घरची माणसं करीत. आणि घरची माणसं म्हणजे बायको, म्हातारी आई आणि मुलं.

लाउशा हे थुरिंगियाच्या जंगलातले काचेचे गाव. तिथे १५९७ पासून काचेची भट्टी होती. एकोणिसाव्या शतकात तिथे नाताळच्या झाडावर टांगायचे काचेचे पोकळ गोळे होऊ लागले. बाप दिव्याच्या ज्योतीवर काच फुगवी, आई गोळ्याच्या आतून चांदीचे द्रावण फिरवी, आणि मुलं रंग देणे, टोपण बसवणे, खोक्यात भरणे ही कामं करीत. १८८० साली फ्रँक वुलवर्थ या अमेरिकन दुकानदाराने असा थोडासा माल नाइलाजाने घेतला, तो दोन दिवसांत संपला, आणि मग अमेरिकेची मागणी सुरू झाली. झोनेबेर्गला कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या होत. ठरलेल्या वारी बायका पाठीवर मोठी टोपली घेऊन तयार माल व्यापाऱ्याकडे पोचवीत आणि पुढच्या आठवड्याचा कच्चा माल घेऊन परत येत. भाव व्यापारी ठरवी. दर नगावर मिळे, आणि नग मोजायचा 'शॉक'वर. आपली जशी विसाची कोडी, तसा त्यांचा साठाचा शॉक. दर पडला की शॉक वाढवायचे, म्हणजे दिवा अधिक वेळ जळत ठेवायचा. नाताळच्या आधीच्या महिन्यांत तर रात्र कुठे संपली हे कळत नसे.

म्हणजे पाहा, बापाच्या खांद्यावरून ज्या घोड्याकडे शहरातले पोर बोट दाखवी, त्या घोड्याची शेपटी कदाचित तेवढ्याच वयाच्या दुसऱ्या पोराने लावलेली असे. दोघांनाही नाताळ किती दिवसांवर आला हे ठाऊक असे. एकाला भेटीसाठी, दुसऱ्याला माल पोचवण्यासाठी.

ड्रेस्डेनच्या बाजारात तर ही दोन मुलं समोरासमोर उभी राहत. तिथे सुकवलेल्या आलुबुखाराचा एक माणूस मिळतो. डोक्यावर कागदी टोपी, खांद्यावर छोटी शिडी. हा काळाकुट्ट माणूस म्हणजे धुराडी साफ करणारा पोरगा; सात-आठ वर्षांची पोरं खरोखरच त्या कामाला लावली जात. हे बाहुले गरीब घरची मुलं रात्री काड्यांत आलुबुखार ओवून करीत आणि दिवसा थंडीत उभी राहून विकीत. लुडविग रिक्टर या चित्रकाराने १८५३ साली अशा दोन विक्रेत्या मुलांचे चित्र काढले आणि त्याला नाव दिले : 'धंदा बंद करणे असल्यामुळे सर्व माल विक्रीस काढला आहे!' चित्र पाहून लोक हसले असतील. पण मुलांनी ही बाहुली विकण्याची रीत बंद व्हायला १९१० साल उजाडावे लागले.

याच काळात, याच मुलखात, मुलांच्या हातांकडे अगदी वेगळ्या नजरेने पाहणारी माणसंही होती. फ्रीड्रिख फ्रोबेल याचा जन्म १७८२ सालचा, ओबरवाइसबाख गावचा. ते गाव लाउशापासून पंधरा किलोमीटरसुद्धा नाही. १८३७ मध्ये जवळच्या ब्लांकेनबुर्ग गावी त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे बालकांची बाग, हे नाव दिले. कागदाच्या घड्या, पट्ट्यांचे विणकाम, मातीकाम यांतून मूल शिकते, असा त्याचा सिद्धांत. आज नाताळच्या झाडावर चार कागदी पट्ट्यांची जी चांदणी टांगतात, तिलाही लोकांनी फ्रोबेलचेच नाव दिले आहे. हॅम्बुर्गला योहान विकर्न याने निराधार मुलांसाठी आश्रम चालवला होता. नाताळला किती दिवस उरले हे मुलांना मोजता यावे, म्हणून १८३९ साली त्याने लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली. आडव्हेंटचे हिरवे कडे घराघरांत दिसते त्याचे मूळ हे.

फ्रोबेलची मुलं कागद विणत होती, आणि डोंगरापलीकडची मुलं गोळ्यांना टोपणं बसवत होती. हाताचे कौशल्य दोन्हीकडे. मग फरक कशात?

कायद्याला हा फरक कळायला फार वेळ लागला. प्रशियाने १८३९ साली नऊ वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घ्यायला बंदी केली. १८९१ च्या कायद्याने ही मर्यादा सबंध जर्मनीत तेरा वर्षांवर नेली. पण हे सारे कारखान्यांपुरते. घराच्या उंबऱ्याशी कायदा थांबत असे. आईबाप आपल्या मुलांना काम सांगतात, त्यात सरकारने का पडावे, असा विचार! तो खोडून काढायला पुढे आले ते शाळामास्तर. वर्गात डुलक्या घेणारी मुलं त्यांच्यासमोर रोज बसत होती. कोनराड आगाड या शिक्षकाने अशा मुलांची माहिती गोळा करून छापली. १८९८ मध्ये सरकारने स्वतः मोजणी केली, तेव्हा कारखान्यांबाहेर मजुरी करणारी शाळकरी मुलं पाच लाखांहून अधिक भरली. १९०३ साली कायदा झाला आणि १ जानेवारी १९०४ पासून तो लागू झाला. त्याने प्रथमच स्वतःच्या घरातल्या, स्वतःच्या मुलांच्या कामावरही बंधन घातले : दहा वर्षांखालच्या मुलांना धंद्याच्या कामाला लावायचे नाही, आणि रात्री आठनंतर कोणालाच नाही.

१९०६ मध्ये बर्लिनला घरकामगारांच्या मालाचे प्रदर्शन भरले. प्रत्येक वस्तूपाशी तिची मजुरी लिहिलेली होती. त्याचे भित्तिचित्र काढले केटे कोलविट्झ या चित्रकर्तीने. थकलेल्या कामकरी बाईचा चेहरा. महाराणीला तो पाहवेना. भित्तिचित्र काढल्याशिवाय आपण येणार नाही, असे तिने कळवले. बाजारातल्या सुंदर वस्तूमागचा चेहरा पाहायची आपली तयारी किती असते, याचा हा एक नमुनाच म्हणायचा.

आज झायफेनला कड्यातून जनावर काढणारे मोजके कारागीर आहेत. ते रीतसर शिकलेले, प्रौढ कारागीर आहेत, आणि त्यांच्या कामाला मान आहे. बाजार आजही भरतात, आणि मुलं घरी चांदण्या करतात. तेव्हा हस्तकलेत दोष होता असे कोणी समजू नये.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. आपल्याकडे १९८६ च्या बालकामगार कायद्याने घरच्या माणसांच्या मदतीने चालणाऱ्या कामाला सूट दिली होती. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना मजुरीला लावण्यावर सरसकट बंदी आली. पण शाळेनंतर आणि सुट्टीत घरच्या बिनधोक्याच्या धंद्यात हात लावण्याची मुभा राहिली. म्हणजे उंबऱ्याचा तोच प्रश्न आहे. मूल काम करताना दिसले तर दोन गोष्टी विचाराव्यात : कंटाळा आल्यावर त्याला उठून जाता येते का? आणि त्याच्या हातची वस्तू शेवटी राहते कोणाकडे? फ्रोबेलच्या बागेतले मूल खेळायला पळू शकत होते. झायफेनचे मूल शॉक पुरा झाल्याशिवाय उठू शकत नव्हते, आणि त्या साठ घोड्यांतला एकही त्याचा नव्हता.