चोर, किल्ली आणि घरगुती घंटा

कुलपाने चोराला अडवावे, ही अपेक्षा फार जुनी. चोर येऊन गेल्याची वर्दीही कुलपानेच मालकाला द्यावी, ही कल्पना त्या मानाने अलीकडची. इंग्लंडात पोर्ट्समथच्या गोदीत झालेल्या चोरीनंतर जेरेमाया चब याने १८१८ साली असे कुलूप तयार केले. भलत्या हत्याराने उघडू गेल्यास आतील एक पट्टी अडकून बसे आणि मग खरी किल्लीही एकदम चालत नसे. त्यावरून मालक काय ते समजे. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनाच्या वेळी अमेरिकन आल्फ्रेड हॉब्स याने हे कुलूप सुमारे पंचवीस मिनिटांत उघडले, आणि अजिंक्य म्हणून गाजलेले ब्रामाचे कुलूप सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास खपून उघडले. नाव हॉब्सचे झाले. आमच्या मते मात्र दूरची दृष्टी चबची होती, आणि याचा प्रत्यय पुढे मोटारीच्या बाबतीत आला.

युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. किल्लीतील चिप ओळखल्याखेरीज इंजिन सुरू होईना. त्याच सुमारास खिशातून किल्ली न काढता दार उघडण्याची सोय महागड्या गाड्यांत आली. यात गाडी कमी वारंवारितेच्या लहरींनी साद घालते. ती साद एक-दोन मीटरच पोहोचते. खिशातील किल्ली ती ऐकून सांकेतिक उत्तर देते, आणि उत्तर बरोबर आले की मालक जवळच आहे असे गाडी गृहीत धरते.

हे गृहीतच फसवे होते. बुद्धिबळाचा गंध नसलेला माणूस दोन महारथींशी एकाच वेळी टपालाने खेळू लागला आणि एकाची चाल दुसऱ्याला कळवीत राहिला, तर दोघांकडूनही तो हरणे शक्य नाही. गणितज्ञ जॉन कॉन्वे यांनी १९७६ साली मांडलेली ही गंमत मोटारचोरांनी अक्षरशः अमलात आणली. एक जण गाडीजवळ, दुसरा मालकाच्या घराच्या भिंतीशी. दोघांच्या हातांत अँटेना. गाडीची साद घरातील किल्लीपर्यंत आणि किल्लीचे उत्तर गाडीपर्यंत पोहोचते. संकेत फोडावा लागतच नाही. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील फ्रान्सियाँ, डानेव्ह व चापकुन या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हा प्रयोग केला. २०११ साली त्यांनी निष्कर्ष मांडला : दहाच्या दहा गाड्या फसल्या.

कंपनीचा अलार्म अशा वेळी गप्पच राहतो, कारण त्याच्या लेखी दार खऱ्या किल्लीने उघडलेले असते. पहारेकरीच अदबीने चोराला आत घेतो म्हणा ना! म्हणून हौशी मंडळींनी घरी बनविलेल्या घंटेचे महत्त्व. तिचा किल्लीशी काही संबंधच नसतो. दार उघडताच आतला दिवा लावणारी कळ तिला जागे करते. हान्स कॅमेनझिंड यांनी रचलेली आणि १९७२ पासून बाजारात असलेली ५५५ ही चिप वेळ मोजू लागते. दहा लाख ओहमचा रोध आणि दहा मायक्रोफॅरडचा धारित्र जोडल्यास अकरा सेकंद मिळतात. तेवढ्यात लपविलेले बटण दाबले नाही, तर रिले ओढला जातो आणि भोंगा वाजतो. गाडी हलल्याची जाणीव देणारा खटकाही काही जण जोडतात. पण बॉनेटवर मांजर चढले तरी गल्ली जागी होते, आणि चार रात्रींनंतर त्या भोंग्याकडे कोणी लक्ष देत नाही. दाराची कळच बरी.

बटण कोठे आहे हे एका घराला ठाऊक, आणि प्रत्येक घराचे ठिकाण निराळे. एका कारखान्याच्या लाखो गाड्यांना एकच युक्ती लागू पडते. येथे ती लागू पडत नाही. मात्र या घंटेची जोडणी गाडीच्या संदेशवाहक तारांपासून अलिप्त हवी. पुढच्या दिव्यामागील तारांतून खोटे संदेश घुसवून गाडी पळविण्याची रीत केन टिंडेल यांनी २०२३ साली उघड केली. त्या तारांवर विसंबलेली घंटाही त्याच वाटेने फसू शकते.

मूळ दोषावरचा उपाय ब्रँड्स व चॉम यांनी १९९३ सालीच सुचविला होता : उत्तर बरोबर आहे का, एवढ्यावर न थांबता ते किती वेळात आले हेही मोजावे. एका नॅनोसेकंदात प्रकाश सुमारे तीस सेंटिमीटर जातो; मध्यस्थ कितीही चपळ असला तरी त्याचा विलंब त्यात उमटतोच. अलीकडच्या काही गाड्यांच्या किल्ल्या असे मोजमाप करू लागल्या आहेत. त्याआधीच्या गाड्यांसाठी सीटखालचे ते बटण आहेच.