धरमतच्या रणावरील अनाम प्यादा

लढाई जिंकणाऱ्यांचीं नांवें इतिहास जपून ठेवतो. पडलेल्यांपैकीं जे सरदार असतात त्यांचींही ठेवतो. परंतु साधा पायदळ शिपाई मेला, तर तवारिखांत त्याला जागा मिळते ती एखाद्या आंकड्यापुरती. आजचें छत्रपति संभाजीनगर, म्हणजे जुनें औरंगाबाद, ज्या मोठ्या यादवीचें एक उगमस्थान होतें, तिच्यांत पडलेल्या प्याद्याची कथा अशीच आहे.

सन १६५७ च्या सप्टेंबरांत शहाजहान बादशहा दिल्लीस आजारी पडला आणि दारा, शुजा, औरंगजेब व मुराद या त्याच्या चार पुत्रांत गादीचा तंटा पेटला. औरंगजेब तेव्हां दख्खनचा सुभेदार असून औरंगाबाद हें त्याचें ठाणें होतें. ता. ५ फेब्रुवारी १६५८ रोजीं तो येथून फौजेसह निघाला. बऱ्हाणपुरास महिनाभर मुक्काम करून एप्रिलच्या आरंभीं त्यानें नर्मदा ओलांडली, आणि ता. १५ एप्रिल रोजीं उज्जैनीच्या दक्षिणेस धरमत गांवाजवळ, त्याची व मुरादची एकवटलेली सेना जसवंतसिंहाच्या बादशाही सैन्याशीं भिडली.

या फौजेबरोबर खांद्यावर तोड्याची बंदूक घेऊन पायीं चालणाऱ्या बरकंदाजाची योग्यता काय होती? मोगली लष्करांत मान होता तो घोडेस्वाराचा. स्वाराचा ‘चेहरा’ दप्तरांत लिहिला जाई. त्यांत त्याचें नांव, बापाचें नांव, वर्ण आणि तोंडावरचे तीळ व व्रण यांची नोंद असे. आपल्या ‘चेहरेपट्टी’ या शब्दानें त्या पद्धतीची आठवण होते. उलट अकबराच्या काळच्या ‘आईने अकबरी’ ग्रंथांत पायदळाच्या सदरांत बरकंदाजांबरोबर दरवान, जासूद, पहिलवान आणि पालखीचे भोई हे सर्व एकत्र घातलेले आढळतात. त्याच ग्रंथांत साध्या बरकंदाजाचा दरमहा ११० ते २५० दाम असा पगार दिला आहे. ४० दामांचा एक रुपया. म्हणजे पावणेतीन ते सव्वासहा रुपये झाले.

धरमतच्या रणांत मुकुंदसिंह हाडा, रतनसिंह राठोड इत्यादि रजपूत वीरांनीं घोडे सोडून थेट औरंगजेबाच्या तोफखान्यावर झडप घातली. बरकंदाजानें एकदां बार काढला, कीं पुन्हां दारू ठासावी, गोळी घालावी, जामगी शिलगवावी, तों भरधांव घोडा त्याच्या छातीवर येऊन ठेपे. त्या लोंढ्यांत तोफखान्याच्या रक्षकांची दाणादाण उडाली आणि त्यांचा नायक मुर्शिद कुलीखान धारातीर्थीं पडला. हा दख्खनचा नांवाजलेला दिवाण. त्याच्या जमीनमोजणीमुळें व सारापद्धतीमुळें त्याचें नांव टिकलें. पुढें ते रजपूतही कोंडले जाऊन कापले गेले. जसवंतसिंहाच्या बाजूचे सुमारें ६,००० लोक त्या दिवशीं पडले.

आणि हे शत्रु तरी कोण? दोन्ही दळें एकाच बादशहाचें मीठ खाणारीं. जसवंतसिंहाच्या छावणीचें रक्षण मालोजी व परसोजी हे मराठे सरदार करीत होते. बुंदीचा छत्रसाल हाडा सन १६५७ मध्यें बेदर व कल्याणी येथें औरंगजेबाच्या हाताखालीं लढला, तोच ता. २९ मे १६५८ रोजीं सामूगढावर दाराच्या बाजूनें लढतां लढतां पडला. सरदाराला निदान पक्ष निवडण्याची मुभा होती. प्याद्याला ती कोठली? ज्याचा पगार, त्याची बाजू, एवढाच त्याचा पक्ष.

ज्यासाठीं तो मेला, तें तरी टिकलें काय? धरमतावर खांद्याला खांदा लावून लढलेल्या मुरादला औरंगजेबानें ता. २५ जून रोजींच कैद केलें. त्याची फौज विजेत्याच्या चाकरींत घेतली गेली. अडीच महिन्यांतच त्या रणावरचें सख्य संपलें. मेलेला शिपाई मात्र परत आला नाहीं.

विजयाची खूण म्हणून औरंगजेबानें तेथें फतेहाबाद वसविलें. रतनसिंहाची छत्री धरमतास उभी आहे. इकडे औरंगाबादेस, मोहिमेपूर्वीं चारच महिने वारलेल्या दिलरस बानू बेगमेवर भव्य मकबरा झाला. त्याचा खर्च सुमारें ६ लाख ६८ हजार रुपये सांगतात. पावणेतीन रुपयांच्या प्याद्यासाठीं मात्र कोठें दगडही रोंवला गेला नाहीं.

बुद्धिबळाच्या पटावर प्यादें शेवटच्या घरीं पोंचलें तर त्याचा वजीर होतो; रणांगणावरील प्याद्याला तेवढीही आशा नव्हती. यास्तव यादवीची किंमत मोजतांना केवळ कोणता राजपुत्र गादीवर बसला हें पाहून भागत नाहीं. औरंगाबादेहून निघालेला आणि पुन्हां नर्मदेच्या अलीकडे न आलेला तो अनाम माणूस जमेस धरला, तरच तो हिशेब पुरा होतो.