घाशीराम पुण्यात सापडला, धाकलीचा हुकूमशहा कुठे आहे?

हुकूमशहा म्हटले की आपल्या पोरांच्या तोंडी पहिले नाव हिटलरचे येते. लष्करी गणवेश, मोठी सभा, ओरडणारा नेता. हे चित्र इतके पक्के बसले आहे की तसा माणूस समोर दिसला नाही म्हणजे हुकूमशाही नाही, असे आपण समजून चालतो. आफ्रिकेतल्या कादंबरीकारांनी हे चित्र केव्हाच मोडले आहे. त्यांचा हुकूमशहा परका नाही. तो स्वातंत्र्याचे नाव घेत येतो, आपलीच भाषा बोलतो, लग्नात-मयतीत हजर असतो आणि लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात.

नायजेरियाच्या चिनुआ अचेबे यांची 'अ मॅन ऑफ द पीपल' ही कादंबरी जानेवारी १९६६ मध्ये आली. तिच्यातला मंत्री नांगा एकेकाळचा शाळामास्तर. हसतमुख, सगळ्यांना नावाने हाक मारणारा आणि तितकाच भ्रष्ट. कादंबरीचा शेवट लष्करी उठावाने होतो, आणि त्याच महिन्यात नायजेरियात खरोखरच लष्करी उठाव झाला! अचेबेंना हे आधीच ठाऊक होते की काय, असा संशय काहींना आला. कट माहीत असण्याची गरजच नव्हती. समाज नीट पाहणाऱ्याला पुढचे दिसते.

केनियाचे न्गुगी वा थिओंगो यांची गोष्ट तर आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवी. शेतकरी-मजुरांना घेऊन त्यांनी गिकुयू भाषेत नाटक केले म्हणून १९७७ च्या शेवटच्या दिवशी त्यांना उचलले. तुरुंगात त्यांनी टॉयलेट पेपरवर कादंबरी लिहिली, तीही गिकुयूत. पुढे 'मातिगारी' या त्यांच्या कादंबरीचा नायक सत्य आणि न्याय कुठे मिळेल असे विचारत देशभर फिरतो. लोक त्याच्याबद्दल इतके बोलू लागले की मोई सरकारने मातिगारीला अटक करण्याचे फर्मान काढले. तो पुस्तकातला माणूस आहे हे कळल्यावर १९८७ मध्ये पुस्तकच जप्त केले.

'विझर्ड ऑफ द क्रो' मध्ये न्गुगींनी हुकूमशहापेक्षा त्याचे भक्त जास्त मन लावून रंगवले आहेत. राजाचे शत्रू दिसावेत म्हणून एक मंत्री परदेशात जाऊन डोळे मोठे करून घेतो, दुसरा राजाविरुद्धची कुजबुज ऐकू यावी म्हणून कान. आपल्याकडे शस्त्रक्रियेचा खर्च लागत नाही, मोबाईलवर भागते.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हेच बजावले होते. धर्मातली भक्ती कदाचित मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांचा इशारा होता. तेव्हा घानासुद्धा स्वतंत्र झाला नव्हता. आफ्रिकेचे कादंबरीकार जे अनुभवून लिहिणार होते, ते बाबासाहेबांनी आपल्या समाजाची नाडी पाहून आधीच सांगितले.

मग मराठीत हुकूमशहा कोणी रंगवला? पहिले नाव विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चेच घ्यावे लागते. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात पहिला प्रयोग झाला, दिग्दर्शक जब्बार पटेल. घाशीराम बाहेरून पुण्यात आलेला, चोरीचा आळ घेऊन अपमानित केलेला ब्राह्मण. तो पोटची पोर नाना फडणवीसाला देतो आणि बदल्यात कोतवाली घेतो. मग सगळ्या शहरावर सूड. काम संपल्यावर नाना त्याला जमावाच्या हाती देतो. इतिहासातला घाशीरामही १७९१ मध्ये असाच मारला गेला. त्याच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि शहर उठले.

नाटक इतिहास नाही असे तेंडुलकर सांगत राहिले, तरी नानाची बदनामी झाली म्हणून ओरड झालीच. एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबवले, कलावंतांनी थिएटर अकॅडमी काढून ते पुन्हा उभे केले. तेंडुलकरांचे श्रेय मोठे आहे. घाशीराम आपोआप उगवत नाही, त्याला वाड्यातला नाना घडवतो आणि नाना शेवटी सुखरूप राहतो, हे त्यांनी उघड दाखवले.

पण एक प्रश्न विचारलाच पाहिजे. या नाटकातला छळ कोणाचा आहे? पुण्याच्या ब्राह्मणांचा. कोतवालाच्या जुलमाची कहाणी बावनखणीपासून वाड्यापर्यंत फिरते, महारवाड्या-मांगवाड्याकडे वळत नाही. ज्या पेशवाईत अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता, तिची हुकूमशाही घाशीराम कोतवाल झाल्यावर सुरू झाली का? तो आला तेव्हा फक्त ती वरच्यांच्या अंगणात शिरली, म्हणून बोंब उठली.

पेशवाईचे खालून काढलेले चित्र मराठीत त्याआधी ११७ वर्षे छापून झाले होते. जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे, मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध आला. तालीमखान्यापुढून मांग-महार गेला तर त्याचे मुंडके उडवून तलवारीच्या दांडूने चेंडूसारखे खेळत, इमारतीच्या पायात माणसांना शेंदूर पाजून पुरत, असे बाजीरावाच्या राज्याबद्दल तिने लिहिले. मराठीतल्या हुकूमशहाच्या चित्रणाची सुरुवात मी तिच्यापासून धरतो.

इथेच आपला रस्ता आफ्रिकेपासून वेगळा होतो. न्गुगींसाठी गोरा साहेब हा पहिला जुलमी आणि देशी हुकूमशहा त्याचा वारस. मुक्ताबाईसाठी देशी सत्ता आधीची, आणि इंग्रज आल्यावर निदान मुंडक्यांचा खेळ थांबला. एम.ए.ला वसाहतोत्तर सिद्धांत शिकताना मला ही गोष्ट कोणी सांगितली नाही. साहेब गेला म्हणजे गुलामी गेली, हे गणित आपल्या वस्तीत कधीच बरोबर आले नाही.

आता वऱ्हाडात या. घाशीरामचा पडदा उघडल्यावर दोन वर्षांच्या आत, १९७४ मध्ये, अकोला जिल्ह्यातल्या धाकली गावात गवई बंधूंचे डोळे काढले गेले. घरातल्या मुलीला गावातल्या बड्या घरच्या तरुणाने फसवले, त्याचा जाब विचारला एवढाच गुन्हा. दलित पँथरने हे प्रकरण महाराष्ट्रभर नेले, त्या दोघा आंधळ्या भावांना थेट पंतप्रधान इंदिरा गांधींसमोर उभे केले. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि देशातला शिकलेला वर्ग म्हणू लागला की हुकूमशाही आली. धाकलीला ती कोणत्या तारखेपासून मोजायची?

गावाच्या हुकूमशहाला राजवाडा लागत नाही. त्याच्याकडे जमीन असते, सोसायटी असते, पाण्याची वाट असते, पोलीस पाटील ओळखीचा असतो आणि जात असते. निवडणूक आली तरी तो पडत नाही, फार तर पक्ष बदलतो. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला गावाचे गोडवे गाणाऱ्यांना संविधान सभेत फटकारले, ते उगाच नाही. आपल्या आत्मकथनांनी या गावाचे चटके सांगितले. पण जुलूम करणारा माणूस आतून कसा घडतो, त्याच्या भोवती हांजी हांजी करणारे कोण, त्यात आपल्यातलेही किती, हे न्गुगींसारखे खदाखदा हसवत सांगणारी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही.

ती लिहायची तर आपल्या वऱ्हाडीत लिहा. न्गुगींची तुरुंगातली कादंबरी घराघरांत, दारूच्या गुत्त्यांवर, गाड्यांमध्ये एकजण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे, कारण ती त्यांच्या बोलीत होती. धाकलीच्या वेळी जे विशीत होते ते आज सत्तरीत आहेत. अकोल्या-अमरावतीच्या वस्त्यांत ते अजून भेटतात, आणि सगळ्यांच्या पोरांकडे आता रेकॉर्डर असलेला मोबाईल आहे. या पावसाळ्याआधी प्रत्येकाने अशा एका तरी माणसाजवळ बसून त्याचे बोलणे नोंदवून घ्यावे.